आधी शिक्षिकेने सांगावे

कुंदा, मागच्या आठवड्यात केंद्रप्रमुखांचा फोन आला तेव्हा मी तुझ्या वर्गात, तुझ्या टेबलाशी उभी होते. सातवीही आता माझ्याकडेच आहे. "मॅडम, शुक्रवारच्या शिक्षण परिषदेत इंग्रजीचा नमुना पाठ तुमचाच हाय बरं," ते म्हणाले. मला वाटलं, तू गेलीस म्हणून हे माझ्या गळ्यात आलं. मी म्हटलं, "सर, तो कुंदाचा असेल." तर ते म्हणाले, "नाई नाई. नाव आधीपासून तुमचंच हाय. त्याईनंच देलं होतं, महिना झाला."

फोन ठेवला आणि तुझ्या खुर्चीत बसले. पोरं बघत होती. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे चाळीस शिक्षक मागे बाकांवर बसणार, हातात वह्या घेऊन, आणि मी त्यांच्यासमोर इंग्रजी बोलायचं, बोलायला शिकवायचं. बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे मी, पण चारचौघांत इंग्रजीत एक वाक्य बोलायची वेळ आली तर मी मराठीवर येते. हे जगात दोघींनाच माहीत होतं, मला आणि तुला. आणि तूच माझं नाव दिलंस. का दिलंस, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

रविवारी सकाळी तुझ्या घरून भाऊजींचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. ते म्हणाले, "कुंदा गेली." मी विचारलं, "कुठं?" खरंच विचारलं गं. आदल्या दिवशी संध्याकाळी तू मला माझ्या दारात सोडून गेली होतीस, हेल्मेट न काढताच हात हलवला होतास. भाऊजींनी फोन ठेवला, तेव्हा हातातली चाळणी तशीच सिंकमध्ये ठेवली आणि चपला न घालता तुझ्या गल्लीपर्यंत आले.

तुझ्या अंगणात स्कूटी उभी होती. तिच्याकडे बघून पहिला विचार आला तो असा, की उद्या शाळेत कशी जाऊ? माझी मैत्रीण आत निजवलेली आणि मी मनातल्या मनात काळीपिवळी जीपची वेळ आठवत होते. याची लाज वाटते, पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? रडू मला सोमवारी आलं, काळीपिवळीत मागच्या सीटवर, दोन भाजीवाल्या बायांच्या मध्ये. त्यांनी मला काही विचारलं नाही, फक्त सरकून जागा दिली.

आपलं सगळं भांडण त्या बारा किलोमीटरांत झालं. मोताळ्याहून शाळेचं गाव, गावाहून मोताळा, सात वर्षं. तू चालवायचीस, मी मागे बसायचे, आणि वाऱ्यामुळे दोघींना ओरडून बोलावं लागायचं. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटत असेल, या दोन मास्तरणी रोज कशावरून कडाकडा भांडतात. सातवी तुझी, आठवी माझी, भांडणाचं मूळ तेच.

"अवं, सातवीत वर्षभर बडबड करणारे पोट्टे तुह्या आठवीत गेले का दिवाळीपावतर मुके होतेत. काय खाऊ घालतं तू त्याईले?"

"व्याकरण," मी म्हणायचे. "दहावीचा पेपर हातानं लिहा लागते, तोंडानं नाई."

"आन् नोकरी मांगाले गेल्यावर? तिथं हात दाखोशीन?"

तू जिंकायला लागलीस की गाडी हळू चालवायचीस, म्हणजे शाळा यायच्या आत मला पुरतं लोळवता यावं. मी जिंकायला लागले की सुसाट. सांगते ते आता ऐकून घे, कारण गाडी पळवता येणार नाही तुला. मी पूर्ण हरले नव्हते. मागच्या वर्षीचा तुझा तो रोहित इंग्रजीत घडाघडा बोलायचा, पण मुख्याध्यापकांना रजेचा चार ओळींचा अर्ज लिही म्हटलं तर कागद कोराच. मी तो कागद तुला दाखवला होता. तू बराच वेळ बघितलास आणि म्हणालीस, "मंग शिकवू ना दोघी मिळून. तू अर्धं, मी अर्धं." पुढच्या जूनपासून करू असं ठरलं. आता कोणतं अर्धं माझं आणि कोणतं तुझं, ते कोणाला विचारू?

बुलढाण्याच्या त्या प्रशिक्षणाला आपण दोघीच गेलो होतो. भाषा बोलून येते, चूक होऊ द्या, मुलांना एकमेकांना काही विचारायची खरी गरज वाटू द्या, असं ते तज्ज्ञ पाच दिवस सांगत होते. मी प्रमाणपत्र कपाटात ठेवलं. तू दुसऱ्या सोमवारी पिशवीतून एक जुनी जांभळी साडी काढलीस आणि वर्गाच्या मधोमध बांधलीस, खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत. मी दारात उभी राहून म्हटलं, "हे काय वं, अंतरपाट धरला का?"

"हाव," तू म्हणालीस. "मंगलाष्टक इंग्रजीत होईन."

साडीच्या या बाजूला दुकानदार, त्या बाजूला गिऱ्हाईक. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, काय विकायचं, काय घ्यायचं. समोरचा दिसत नाही, बोटानं दाखवता येत नाही, डोळ्यांनी खुणावता येत नाही. बोलल्याशिवाय वांगं मिळणार नाही. तोंड झाकलेलं असलं की लाजही निम्मी होते, हे तुला कोणत्या तज्ज्ञानं सांगितलं होतं? ते तुझंच होतं. आणि त्या साक्षीनं, जिच्या घरी दीड एकरात भाजी होते, पहिल्याच दिवशी पलीकडच्या गिऱ्हाइकाला सुनावलं होतं, "ट्वेंटी? नो नो. माय फादर क्राय!" अख्खा वर्ग हसला. माझा हात शिवशिवला, वाक्य दुरुस्त करायला. तू कोपऱ्यात उभी राहून छोट्या डायरीत काहीतरी टिपत होतीस. चूक तिथे लिहायची, तासाच्या शेवटी सगळ्यांची मिळून सांगायची, कोणाचं नाव न घेता. बोलणाऱ्याला मध्ये अडवायचं नाही, म्हणजे नाहीच.

आता जे लिहायचं आहे त्याच्यासाठी मी तीनदा उठून पाणी प्यायले.

भिंतीपलीकडे आठवीत मी काळ शिकवत होते. फळ्यावर तीन रकाने आखले होते. तुझ्या वर्गातून हसण्याचा, ओरडण्याचा आवाज येत होता आणि माझी पोरं फळा सोडून भिंतीकडे कान लावून बसली होती. त्यातला एक जण म्हणाला, "मॅडम, आपनबी तसं करू ना. तुम्ही बोला, आम्ही बोलतो." तुम्ही बोला. मी खडू ठेवला आणि पुस्तकं उघडायला सांगितली. मधल्या सुट्टीत मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हणाले, "सर, सातवीच्या गोंधळामुळे माझा तास होत नाही." गोंधळ म्हणाले मी, कुंदा. तुझं नाव घेतलं नाही, पण सातवी म्हणजे दुसरं कोण?

सर बिचारे भांडण नको म्हणणारे. त्यांनी तुला बोलावून सांगितलं, की ते साडीचं शनिवारी शेवटच्या अर्ध्या तासात घ्या. रोजचं आठवड्यावर आलं. त्या दिवशी घरी जाताना तू म्हणालीस, "कोनाचं तरी पोट दुखलं दिसते," आणि हसलीस. मी म्हणाले, "असन." आणि खांद्यावरची पर्स उगाच सारखी केली. त्या पोटदुखीचं नाव मी तुला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर दिवाळीच्या पुढचा एक शनिवार. कापूस वेचणीमुळे अर्धा वर्ग गैरहजर होता. मी तुझी वाट बघत दारात टेकले होते, घरी जायचं म्हणून. तू मला मनगटाला धरून आत ओढलंस. "चाल वं, एक गिऱ्हाईक कमी पडून राह्यलं." मी नको नको म्हणते आहे तोवर तू मला साडीमागे सतरंजीवर बसवलंस, हातात चिठ्ठी कोंबलीस आणि ओठांवर बोट ठेवलंस. पलीकडच्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. चिठ्ठीवर होतं, लग्नघरासाठी भाजी घ्यायची, पैसे कमी आहेत.

मी बोलले. बारीक आवाजात सुरुवात केली, मग आवाज आपोआप मोठा झाला. पलीकडची दुकानदारीण ऐकेना, मीही सोडेना. पाहुणे येणार आहेत, माझ्या बहिणीचं लग्न आहे, तू माणूस आहेस का दगड, असं काय काय मी इंग्रजीत म्हणाले. बरोबर की चूक, त्या वेळी ध्यानातही आलं नाही. साडी खाली घेतली तेव्हा साक्षीनं तोंडावर हात ठेवला. "मॅडम, तुम्ही होत्या? मले वाटलं रोशनी हाय!" बारा वर्षांची रोशनी वाटले मी तिला. इतका आनंद मला नोकरीचा आदेश आला तेव्हाही झाला नव्हता.

आणि तू परतीच्या वाटेवर त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. तुरीला फूल बरं लागलं आहे आणि शेगावला एकदा सकाळच्या गाडीनं जाऊन यायचं आहे, एवढंच बोललीस. मी बोलले हे कोणाला समजू नये, मला चिडवल्यासारखं वाटू नये, म्हणून तू गप्प होतीस. त्या दिवशी तू मला फार आवडलीस. तेही सांगितलं नाही.

शेवटचा शनिवार तर माझ्या डोक्यातून जातच नाही. आठवीची तोंडी परीक्षा मी घेतली, तू शेजारी बसली होतीस. पोरांनी पाठ केलेली उत्तरं घडाघडा म्हटली, मी पैकीच्या पैकी गुण दिले. तू एकाला हळूच विचारलंस, आज डब्यात काय आणलं, आणि तो वर छताकडे बघत राहिला. येताना फाट्यावर बाभळीखाली तू गाडी थांबवलीस. हेल्मेट काढलंस.

"शैला, तुले एक इचारू?"

"इचार ना."

तू हेल्मेट परत डोक्यावर चढवलंस. मग म्हणालीस, "जाऊ दे. सोमवारी बोलू."

काय विचारणार होतीस? डब्याचं? की त्या गोंधळाचं? मी किती प्रकारांनी ते वाक्य पुरं करून पाहिलं. कधी त्यात तू रागावलेली असतेस, कधी हसत असतेस. कधी वाटतं, रात्री जी कळ तुला घेऊन गेली ती तुझ्या छातीत तेव्हाच उठली असेल आणि तेच सांगायचं असेल, आणि मग मला बसवत नाही, उठून अंगणात फेऱ्या मारते.

केंद्रप्रमुखांच्या फोननंतर मी सरांकडे गेले. नमुना पाठ माझ्याकडून होणार नाही, दुसऱ्या कोणाला द्या म्हटलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मॅडम, एक सांगू का? तुमी गोंधळाचं बोलल्या ना, ते कुंदा मॅडमले तवाच माईत होतं. त्याईनं सरळ इचारलं, मंग मी खोटं कसं बोलू? त्या मले म्हने, शैलाले माईत पडू देऊ नका, मले समजलं म्हनून."

 शिपाईमामांनी चहा आणला आणि नेलाही.

म्हणजे "कोनाचं तरी पोट दुखलं" म्हणालीस तेव्हा तुला माहीत होतं. त्या पोटदुखीला तू त्यानंतर रोज सकाळी साडेनऊला दारातून उचलत होतीस, संध्याकाळी दारात सोडत होतीस. साडीमागे ओढून बसवलंस तेव्हाही माहीत होतं. मग तो बदला होता का गं? की दया? मला तुझी दया नको होती. आणि बदला असेल तर असा कसा, ज्यात माझंच भलं झालं? तू माझ्यावर ओरडली असतीस तर मी मुख्याध्यापकांवर ढकललं असतं, रडले असते, दोन दिवस काळीपिवळीने गेले असते आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या मागे बसले असते. तू तेवढीही संधी दिली नाहीस. मला तुझा राग येतो, कुंदा. मेलेल्या माणसाचा राग येतो, आणि तो कोणाला सांगायची सोय नाही.

तेराव्याला भाऊजींनी मला एक फाईल दिली होती. वर तुझ्या अक्षरात "शैलासाठी". धीर होत नव्हता म्हणून ती तशीच कपाटात होती. सरांकडून आल्यावर उघडली. आत नमुना पाठाचं टाचण होतं, तासात काय काय करायचं ते पूर्ण लिहिलेलं, माझ्या नावानं. घटक: माफी मागणे. मुलांनी जोड्या करून बसायचं, एकमेकांना स्वतःची एक खरी चूक इंग्रजीत सांगायची आणि माफी कशी मागाल ते बोलायचं. ऐकणाऱ्यानं निदान एक प्रश्न विचारायचाच, गप्प बसायचं नाही. आणि त्याच्या वर, लाल शाईनं अधोरेखित: आधी शिक्षिकेने सांगावे. खरी चूक. पुस्तकातली नको.

मी फाईल मिटली. दुसऱ्या दिवशी शाळेत तुझ्या टेबलाचा खण उघडून जुनी टाचणं काढली. आवडीचा पदार्थ, आधी शिक्षिकेने सांगावे. मला कशाची भीती वाटते, आधी शिक्षिकेने सांगावे. बाजाराचा दिवस, आधी शिक्षिकेने सांगावे. प्रत्येक टाचणात तीच ओळ. म्हणजे ती तुझी सवय होती, माझ्यासाठी टाकलेला सापळा नव्हता. पण अधोरेखित फक्त माझ्याच टाचणात आहे. पुन्हा पुन्हा चाळून पाहिलं.

शुक्रवारी तुझी सातवी घेऊन हॉलमध्ये गेले. मागे चाळीस जण. पहिल्या बाकावर केंद्रप्रमुख, शेजारी आपले सर, त्यांची मान खाली. तुझी साडी मी बांधली नाही. टाचणात तिचा उल्लेख नव्हता, आणि मला वाटलं, ही गोष्ट पडद्याआडून सांगायची नाही. फळ्यावर घटक लिहिला. 

मी पोरांकडे बघून बोलले. इंग्रजीत. माझी एक मैत्रीण होती. आम्ही रोज एका गाडीवरून शाळेत यायचो. ती चांगलं शिकवायची, मी घाबरले होते. मी तिची तक्रार केली. तिला ते कळलं होतं. मला कळलं नाही, की तिला कळलं आहे. आय डिड नॉट से सॉरी. आता ती नाही. आय वॉन्ट टू से, आय ॲम सॉरी.

वाक्यं अडखळत आली. मध्ये एका शब्दासाठी मी थांबले, तर पोरं वाट बघत बसली. कोणी मला दुरुस्त केलं नाही. 

मग साक्षीनं हात वर केला. ऐकणाऱ्यानं प्रश्न विचारायचाच, हे तिला पाठच आहे. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, देन व्हॉट शी सेड?"

काय म्हणालीस तू?

मी म्हटलं, "आय डोन्ट नो." साक्षी बसली नाही. तिला वाटलं, मी पुढे सांगणार आहे.  शेवटी मी हातानं बस म्हटलं आणि जोड्या करायला सांगितल्या. पाठ पुढे चांगला झाला म्हणतात. मला नीट आठवत नाही. केंद्रप्रमुखांनी काहीतरी चांगलं लिहून दिलं आहे, ते सरांकडे आहे.

त्या दिवसापासून एक गोष्ट उमजत नाही. इंग्रजीत मी चाळीस माणसांसमोर माफी मागून आले, मी, जिला दोन माणसांत बोलता येत नव्हतं. आणि आपण दोघी ज्या बोलीत सात वर्षं भांडलो, तिच्यात तीच गोष्ट बोलायला गेले की शब्द घशाच्या वर येत नाही. परक्या भाषेत बोललं की ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटतं, म्हणून सोपं गेलं असेल का? मग ती माफी खरी होती की तोही एक नमुना पाठच? तुझ्याशी भांडून हे सोडवता आलं असतं. आज सकाळी काळीपिवळी आपल्या फाट्यावर माणसं घ्यायला थांबली होती. शेजारची बाई उतरून गेली, सीटवर कोणी नव्हतं. तेव्हा हळूच तोंडातून काढून पाहिलं.

कुंदे, मीच सांगतलं होतं वं सरांले. माह्यं चुकलं. आता तू काय म्हणतं?